आरेखकाचा चौकोन

आम्ही ज्या दाखल्यामुळे टेंडर हरलो, तो दाखला आमच्याच कामाचा होता. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरता भरता म्हणाला, "मग अर्धं जिंकलो म्हण की." हरेशचं पेणला झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याच्या डोक्यावर, म्हणजे माळ्यावर, माझं ऑफिस. दारावर पाटी आहे : ठाकूर डिझाइन सर्व्हिसेस. रस्ते, पूल, मोऱ्या यांचे आराखडे काढून देणे. पाटी मोठी आहे आणि माणसं दोन, मी आणि पुंडलिककाका.

टेंडर होतं महामार्ग खात्याचं. महामार्गावरच्या गडबपासून खाडीकडच्या गावांपर्यंत जाणारा अकरा किलोमीटरचा रस्ता रुंद आणि उंच करून महामार्गाला नीट जोडायचा होता. त्याचं सर्वेक्षण आणि डिझाइन करायला सल्लागार हवा होता. शंभरपैकी सत्तर गुण पडले तरच तुमच्या दराचं पाकीट उघडणार. 'स्थानिक परिस्थितीची माहिती' या सदरात आम्हाला पाचपैकी पाच मिळाले. 'समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव' या सदरात चाळीसपैकी सहा. म्हणजे या मातीत आमचा जन्म गेला हे सरकारने मान्य केलं, पण त्याची किंमत पाच गुण ठरवली.

टेंडर जिंकलेल्या ठाण्याच्या कंपनीला अनुभवात चाळीसपैकी अडतीस पडले. त्यांनी दाखला जोडला होता सहा वर्षांपूर्वीच्या एका खाडीकाठच्या रस्त्याचा. त्या रस्त्याची मापं पुंडलिककाकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घेतली होती, डिझाइन मी केलं होतं आणि मोऱ्यांची गणितं या माळ्यावर पंख्याखाली बसून झाली होती. फक्त नाव ठाण्याचं होतं. दहा वर्षं असंच चाललंय. ते टेंडर घेतात, आम्ही काम करतो, ते सही करतात. आमच्या गावात गणपती घडतात, मुंबईत कुठल्याशा दुकानाच्या नावाने विकले जातात, आणि मूर्तीखाली कारागिराचं नाव कुणी शोधत नाही. आम्ही त्याच गावचे, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार.

पण या वेळी मी अंगाला लावून घेतलं होतं, त्याला कारण पुंडलिककाका.

काका रोह्याजवळच्या निडीचे. सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं आरेखक होते, रिटायर झाल्यावर माझ्याकडे आले. रोज सकाळी पॅसेंजरने पेणला येतात, स्टेशनवरून चालत येतात आणि पहिल्यांदा पेन्सिलींना टोक करतात. ते कागदावर काढायचे, मी ते कॉम्प्युटरवर चढवायची. कुठल्याही सरकारी नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकोन असतात : आरेखन, तपासले, मंजूर. खात्यात असताना 'आरेखन'च्या चौकोनात काकांचं एकच अक्षर पडायचं, 'पुं'. माझ्याकडे आल्यावर तेही गेलं, तिथे ठाण्याच्या कंपनीचा शिक्का बसला. आता काका एकाहत्तरचे झालेत, डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं. मी त्यांना शब्द दिला होता की तुमचं पूर्ण नाव त्या चौकोनात लिहिलेला एक तरी नकाशा सरकारदरबारी जाईल, मगच तुम्हाला सोडीन. काका तेव्हा हसले होते. पण दुसऱ्या दिवशी टेंडरच्या अटींची झेरॉक्स घरी घेऊन गेले होते.

निकालानंतर आठव्या दिवशी ठाण्याहून अक्षय सरांचा फोन आला. अक्षय सर म्हणजे कंपनीचे डायरेक्टर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी सर. म्हणाले, "मॅडम, गडबचं काम आपल्याला लागलंय."

"आपल्याला म्हणजे?"

"तुम्ही करायचं, आम्ही द्यायचं. नेहमीसारखं. फक्त नऊ दिवस आहेत हातात."

मी फोन आपटायला हवा होता. आपटला नाही. काकांना सांगितलं तर ते पेन्सिल घेऊन उठलेच. "चल गो. उन्हाच्या आत जाऊन येवू."

अशा रस्त्याच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा आकडा असतो पुराच्या पाण्याची सगळ्यात वरची पातळी. रस्ता त्याच्यावर ठेवायचा. खारजमिनीत हा आकडा कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, तो गावातल्या जुन्या माणसाला विचारावा लागतो. रस्त्याला लागून धोंडुबाईचं घर आहे, तिथे आम्ही मापं घेत तिसऱ्या दिवशी पोचलो. तिचा नवरा जनू मिठागरात कामाला होता. मोठा पूर आला त्या साली पाणी ओसरल्यावर त्याने घराच्या भिंतीवर पाणी चढलं तिथे गेरूची रेघ ओढली होती. ही रेघ अख्ख्या पंचक्रोशीला माहीत. तलाठी येतो, रेघ बघतो, पंचनामा लिहितो. काकांनीही रेघ बघितली, मोजणीची दुर्बीण लावून तिची पातळी घेतली, धोंडुबाईने दिलेला काळा चहा घेतला आणि आम्ही निघालो.

निघताना काका म्हणाले होते, "आनखी दोन घरं इचारून घेवू या का? एका जाग्यावर भरोसा ठेवू नये."

मी घड्याळ बघितलं. "काका, नऊ दिवसांतले तीन गेले. आणि आपलं नाव थोडंच लागणार आहे त्यावर?"

काका गाडीत बसले. हे वाक्य मी बोलले हे लक्षात ठेवा. मी तर ते विसरूच शकत नाही.

आराखडे वेळेत गेले. धोंडुबाईच्या रेघेवर दीड फूट सोडून रस्त्याची उंची ठरली, रस्ता बांधासारखा उंच निघाला. अक्षय सर खूश. रस्ता जितका उंच तितकी माती जास्त, आणि माती जास्त की प्रकल्प मोठा दिसतो.

महिन्याने खात्याने नियमाप्रमाणे ठरवलं की हे डिझाइन दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र, तिऱ्हाईत संस्थेकडून तपासून घ्यावं. काम लहान असल्यामुळे टेंडरची गरज नव्हती, तीन दरपत्रकं पुरणार होती. अक्षय सरांचा फोन आला. "मॅडम, तुमचंच नाव सुचवलंय. घरचंच काम आहे. दोन दिवसांत ओके करून द्या."

बाकीची दोन दरपत्रकं कुणाची होती ते हरेशला विचारा, टाइप त्याच्याच दुकानात झाली.

सोबत एक घोषणापत्र भरायचं होतं : 'मूळ सल्लागार कंपनीशी आमचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही संबंध नाही.' मी दहा वर्षांच्या फायली उघडून बसले. आमचं आणि ठाण्याच्या कंपनीचं नाव एकत्र असलेला एकही कागद निघाला नाही. ना करार, ना पत्र. ठाण्याहून पैसे यायचे तेही हरेशच्या दुकानाला, 'झेरॉक्स व बाइंडिंग' म्हणून. आम्हाला कागदावर येऊ द्यायचं नाही याची त्यांनी इतकी काळजी घेतली होती की आता आमच्याइतकं स्वतंत्र आणि तिऱ्हाईत रायगड जिल्ह्यात कुणी नव्हतं. मी सही केली. आपण खोटं लिहितोय हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच पाकिटात तपासणीचा नमुना होता आणि त्यात लिहिलं होतं : तपासणाऱ्याचे संपूर्ण नाव.

'आरेखन' नाही तर 'तपासले', चौकोन तर चौकोन. मी काकांपुढे नमुना ठेवला आणि म्हटलं, "लिहा. पूर्ण नाव. पुंडलिक सखाराम शेडगे."

काकांनी चष्मा पुसला, नमुना नीट वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाव लिवायचं तर बघून लिवीन."

"काका, तुम्हीच काढलंय ते."

"काढलं तवा नाव नव्हतं."

मला तेव्हा हसू आलं. आपलंच काम परक्याचं समजून तपासायला बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. दोन दिवस ते खाली मान घालून आकडे जुळवत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेन्सिल ठेवली.

"रोहिणी, ही पातळी खरी धरली तर त्या साली गडबला हायवेवर गुडघाभर पानी पायजे."

"असेल मग."

"नव्हतं. त्या दिवशी गाड्या बंद झाल्या म्हनून मी गडबला अडकलो व्हतो. टपरीवर उभा ऱ्हाऊन भजी खाल्ली. चपला कोरड्या व्हत्या माज्या."

आम्ही तसेच उठून धोंडुबाईकडे गेलो. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. काकांनी भिंतीवरच्या रेघेला हात लावला.

"धोंडुबाय, ही रेघ जनूनं काढली ना?"

"व्हय. पानी उतरलं तवा गेरूनं वढली. तलाठी यायचा व्हता."

"या भिंतीवर?"

"या कशी?" धोंडुबाई हसली. "ही भित तवा कुटं व्हती? जुन्या घरात वढली. पुन्ना पानी शिरू नये म्हनून नवीन घराचं जोतं उचलून बांधलं ना."

"मंग ही रेघ कोनी काढली?"

"मी. जुनं घर पाडायच्या आदल्या दिशी जोत्यापासून रेघंवर नाडी धरली, गाठ मारून ठेवली. नवीन घर झालं तशी तीच नाडी नव्या जोत्यापासून लावली नि वढली." तिने शेंगांची टोपली बाजूला सारली. "घर बघायला ते ऱ्हायले नाय. त्यांच्या हातची येवढी येक रेघ, ती कशी जाऊ द्यायची?"

काकांनी ओट्याखाली वाकून जोत्याला टेप लावला. जुन्या घराच्या जोत्याचे चार दगड अजून परसात जागच्या जागी होते, त्यांचीही उंची घेतली. फरक साडेतीन फूट. नवऱ्याची आठवण धोंडुबाईने साडेतीन फूट वर उचलून ठेवली होती, आणि आम्ही तिच्यावर अकरा किलोमीटरचा सरकारी रस्ता काढला होता.

"पयल्यांदा आलो तवा का नाय सांगितलंस?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुमी इचारलं कुटं? तुमी म्हनलाव पानी कुटवर आलतं. मी रेघ दावली. तलाठ्याला पन तीच दावते."

नुसता आकडा चुकला असता तर एवढं काही नव्हतं. पण आजचा रस्ता बुटका आहे म्हणून डोंगराकडून आलेलं पाणी त्याच्यावरून खाडीकडे निघून जातं. आमचा रस्ता झाला असता तर ती भिंत होणार होती. गाव आणि भातखाचरं भिंतीच्या अलीकडे, खाडी पलीकडे. म्हणजे पुराच्या वर राहायला बांधलेला रस्ता पूर गावात कोंडून ठेवणार होता, आणि मग पाणी खरोखरच धोंडुबाईच्या त्या रेघेपर्यंत चढलं असतं. आमचा चुकीचा आकडा आम्हीच खरा करून दाखवला असता.

निघताना धोंडुबाईने विचारलं, "मंग पुसू का ही?"

"नको," काका म्हणाले. "ती ऱ्हाव दे. मी चुकीचा वाचला, तिचा काय दोष."

गाडीत मी त्यांना म्हटलं, "काका, गुपचूप बदलू. अक्षय सरांना सांगते, आराखडा परत मागवू, पातळी खाली घेऊ, आणि मग ओके लिहू." मी हे धोंडुबाईसाठी बोलत नव्हते. काकांच्या नावाचा पहिला कागद असा जावा हे मला सोसत नव्हतं.

काका खिडकीबाहेर बघत होते. "गुपचूप केला तर तपासला काय?"

अहवाल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. रस्ता साडेतीन फूट खाली घ्यावा, खालून पाणी जायला मोऱ्या सहाच्या नऊ कराव्यात, आणि मूळ सर्वेक्षणात एकाच घराच्या खुणेवर विसंबून गंभीर चूक झालेली आहे. 'गंभीर' शब्द मी खोडला, त्यांनी परत लिहिला. खाली पूर्ण नाव, जपून, एकेक अक्षर.

अक्षय सर आधी माझ्यावर फार चिडले. "घरचं काम म्हणून दिलं होतं मॅडम." मग चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की नव्या आराखड्याचं वाढीव काम त्यांनाच मिळणार आहे. तेव्हा त्यांचा राग गेला.

बैठक रोह्याच्या विश्रामगृहावर झाली. कार्यकारी अभियंता साहेब माणूस कडक आणि हुशार. त्यांनी काकांचा अहवाल ओळ न् ओळ वाचला होता. समोर चुकलेला नकाशा पसरलेला, त्यावर लाल शाईत 'रद्द'. साहेब अक्षय सरांकडे वळले. "एका बाईने प्रेमापोटी रेघ वर घेतली, ते समजू शकतो. पण तुमच्या माणसाने डोळे मिटून ती वाचली? गाव बुडवलं असतं त्याने. कोण आहे हा ड्राफ्ट्समन?"

मी काकांकडे बघितलं नाही. अक्षय सरांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "काढून टाकलं त्याला, सर. मागच्याच महिन्यात."

"योग्य केलंत. इतिवृत्तात घ्या ते." मग साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि शेडगे काका, तुमच्यासारखी जागरूक माणसं आता खात्यात राहिली नाहीत हो."

काकांनी चहात बुडवलेलं बिस्किट बाहेर काढलं. "व्हय सायेब. मागच्या महिन्यात आनखी येक कमी झाला."

साहेब मनापासून हसले. अक्षय सरही हसले. मला बोलायला हवं होतं. घाई मी केली, दोन घरं विचारू दिली नाहीत ती मी, एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मी घोषणापत्रावर सही केलेली बाई होते. मी गप्प बसले, आणि त्याची लाज मला आज हे लिहितानाही वाटते.

रोहा स्टेशनकडे चालताना मी म्हटलं, "काका, चूक माझी होती."

"तू घाई केलीस. दुर्बीण माज्या डोळ्याला व्हती." थोडं चालून म्हणाले, "सायेब बरोबर बोलला. अशा मानसाला घरी बसवायलाच पायजे."

मला वाटलं बोलून मोकळे झाले. पंधरा दिवसांनी इतिवृत्त आलं. मुद्दा चार : तपासणी संस्थेचे श्री. पुंडलिक सखाराम शेडगे यांच्या दक्षतेबद्दल खात्यातर्फे कौतुक करण्यात येते. मुद्दा पाच : मूळ आराखड्याच्या निष्काळजी आरेखकास कामावरून कमी केल्याचे सल्लागार कंपनीने कळविले, त्याची नोंद घेण्यात आली. मी चौथा मुद्दा काकांना मोठ्याने वाचून दाखवला. मी दिलेला शब्द पुरा झाला होता, थोडा वाकडा, पण सरकारी शिक्क्यासकट.

"पाचवा पन वाच," काका म्हणाले.

मी वाचला.

"त्याच्यात नाव नाय?"

"नाही काका. पाचव्यात कुणाचंच नाव नाही."

काका उठले. फळीवरून त्यांनी रद्द झालेल्या नकाशाची आमच्याकडची प्रत काढली, टेबलावर पसरली, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. मला वाटलं नव्या कामासाठी काही बघतायत. त्यांनी पेन्सिल उचलली, मग ती ठेवून माझं पेन मागून घेतलं. ठाण्याच्या कंपनीचा शिक्का चौकोनाच्या अर्ध्या भागात होता. उरलेल्या अर्ध्यात, 'आरेखन' या शब्दापुढे, त्यांनी अंधुक डोळा नकाशाला टेकेल इतकं वाकून पूर्ण नाव लिहिलं. पुंडलिक सखाराम शेडगे. खाली तारीख घातली, आजची नाही, नकाशा काढला त्या दिवसाची.

"काका, हा रद्द झालेला आहे."

"माज्या हातचा तर हाय," ते म्हणाले. "याची येक झेरॉक्स हरेशला काढून ठेवायला सांग. जाताना घेतो."

रोज घरी नेत तो पेन्सिलींचा डबा ते टेबलावरच ठेवून गेले. सोमवारी पॅसेंजर आली तेव्हा मी दाराकडे बघत बसले होते. दुपारी ठाण्याहून नव्या आराखड्याचं काम आलं, मुदत नऊ दिवस. मी दुर्बीण उचलली आणि घरोघर विचारायला एकटीच निघाले.